दोनशे रुपये कापले, ते कुठे गेले?

(हे सदर लिहिणारे आमचे लेखक तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. नोकरीचा बराच काळ त्यांनी रोजगार हमी शाखेत काढला. या खेपेची बहुतेक पत्रे कर, सरकारी योजना आणि मतदान यांच्याभोवतीच फिरणारी असल्याने ती एकत्र घेतली आहेत. - संपादक)

प्रश्न : मी हिंजवडीत नोकरी करतो. पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला ‘पी.टी. २००’ कापलेले असतात, फेब्रुवारीत ३००. प्राप्तिकर वेगळा, जीएसटी वेगळा, वर हा. हा कर नेमका कशाचा? आणि आम्ही भरायचे, मग ते फुकट वाटून कुणीतरी मते घ्यायची, याला लोकशाही म्हणायचे का?
- संगणक अभियंता, पुणे

उत्तर : आधी आकड्याचे बघू. अकरा महिने दोनशे, फेब्रुवारीचे तीनशे, मिळून २,५००. हा आकडा तुमच्या एचआरने काढलेला नाही. पी.टी. म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, व्यवसाय कर. तो कुणाही एका माणसाकडून वर्षाला २,५०० रुपयांच्या वर घेता येणार नाही, असे राज्यघटनेच्या २७६व्या अनुच्छेदातच लिहिले आहे. मूळ घटनेत ही मर्यादा २५० होती. १९८८च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती दसपट केली आणि तेव्हापासून ती जागची हललेली नाही. त्या वर्षी २,५०० म्हणजे माझ्यासारख्या लिपिकाचा दीड-दोन महिन्यांचा पगार होता. आज तुमच्याकडची मंडळी शनिवारी रात्री एका टेबलावर तेवढे बिल करत असतील.

महाराष्ट्रात हा कर आला १९७५ साली आणि तो आला रोजगार हमी योजनेसाठी. तुमच्या पिढीला हे कुणी सांगितलेले दिसत नाही, म्हणून जरा मागे जातो.

१९७० ते ७३ अशी लागोपाठ वर्षे पावसाने दगा दिला. त्यातले बहात्तर सर्वांत वाईट. सरकारने दुष्काळी कामे काढली. खडी फोडायची, रस्त्यावर माती ओढायची, पाझर तलाव आणि नालाबांध खणायचे. १९७३च्या मे महिन्यात या कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. आमच्याकडे सत्तरी ओलांडलेली माणसे अजूनही सुकडीचे आणि परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या भाकरीचे नाव काढले की तोंड वाकडे करतात. पण जगली ती त्याच्यावरच.

दुष्काळी कामे इंग्रजसुद्धा काढत. पण ती सरकारच्या मर्जीवर. दुष्काळ जाहीर झाला तर काम, नाहीतर बसा घरी. वि. स. पागे यांनी नेमके हेच उलटे फिरवले. ते विधान परिषदेचे सभापती. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात १९६५ सालीच त्यांच्या कल्पनेवर लहानसा प्रयोग झाला होता. काम मागायचा अधिकार मजुराचा आणि ते द्यायची जबाबदारी सरकारची, दुष्काळ असो वा नसो, अशी ती कल्पना. आमच्या कचेरीत त्यांचा उल्लेख ‘पागेसाहेब’ असाच व्हायचा. बघितले कुणीच नव्हते. १९७२ साली योजना राज्यभर लागू झाली ती सरकारी आदेशाने. १९७७ साली विधिमंडळाने एकमताने तिचा कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ला अमलात आला. या सात वर्षांत मुख्यमंत्रिपदावर वसंतराव नाईक, शंकरराव चव्हाण, वसंतदादा पाटील आणि शरद पवार असे चौघे होऊन गेले. कायदा केला एका सरकारने, लागू केला दुसऱ्याने. मोडला कुणीच नाही.

पैसा कुठून आणायचा? व्यवसाय कर, मोटार वाहनांवर आणि विक्रीकरावर थोडा जादा आकार, बागायती जमिनीवर अधिभार, शहरातल्या बिगरनिवासी इमारतींवर कर. हे सगळे मिळून जेवढे जमेल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची. यात मुंबईचा वाटा सर्वांत मोठा. म्हणजे नरिमन पॉइंटच्या कचेरीत बसलेल्या माणसाच्या पगारातून आटपाडीच्या माळावरची मजुरी निघायची. आणि या कराला मुंबईच्या आमदारांनीही हात वर केले होते. तुम्ही म्हणता ती लोकशाही इथे होती.

त्यांनी ते निव्वळ कनवाळूपणाने केले, असे मात्र मी म्हणणार नाही. बहात्तरला गावेच्या गावे मुंबईच्या फुटपाथवर येऊन पडली होती. ती गावातच थांबली तर शहराला हवीच होती. बागायतदार आमदारांना रस्ते आणि तलाव हवे होते. शेकाप, समाजवादी, कम्युनिस्ट, लाल निशाण यांचे मोर्चे कचेऱ्यांवर धडकत होते, ते सत्ताधाऱ्यांना थांबवायचे होते. प्रत्येकाच्या पोटात वेगळे होते, सहीचा कागद एकच निघाला. मला त्यात काही वावगे वाटत नाही. सगळे संत होतील तेव्हाच गरिबासाठी कायदा होईल असे म्हटले असते, तर आमची शाखा उघडलीच नसती.

तुमच्या रागात एक गोष्ट मात्र बरोबर आहे, पण ती तुम्ही लिहिलेली नाही. हा कर सरसकट आहे. महिन्याला दहा हजारांच्या वर पगार गेला की पुरुषाला दोनशे लागू. (बायकांना २०२३पासून पंचवीस हजारांपर्यंत माफ आहे.) तुमच्या कंपनीच्या फाटकावरचा सुरक्षारक्षक वर्षाला २,५०० भरतो आणि तुमचा सर्वांत मोठा साहेबही २,५००च भरतो. गरिबाला काम देणारी योजना, आणि तिचा कर असा, की ज्याला जास्त मिळते त्याला तो कमी टोचतो. मर्यादा घटनेत बसवल्यामुळे मुंबईतल्या राज्य सरकारला एकट्याने ती हलवताही येत नाही. दिल्लीत पुन्हा घटनादुरुस्तीच लागेल. तुमच्या खासदाराला विचारायचा प्रश्न हा आहे.

आणि ‘आम्ही भरायचे’ म्हणताना एवढे लक्षात असू द्या, की माळावर खडी फोडणारी बाई मोबाइलला रिचार्ज मारते तेव्हा तिलाही १८ टक्केच जीएसटी पडतो. तुम्हालाही तेवढाच. तिची स्लिप निघत नाही, एवढेच.

प्रश्न : माझी निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीपासून डिपिंग, विरळणीपर्यंत मजूर लागतात. पूर्वी पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या यायच्या. आता रोजगार हमीमुळे माणूस मिळत नाही आणि मिळाला तर मागेल तो भाव. शेतकऱ्याला मारून कसली पुरोगामी धोरणे?
- द्राक्ष बागायतदार, नाशिक जिल्हा

उत्तर : २०२५-२६ सालासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. तुम्ही विरळणीच्या दिवसांत याहून बरेच जास्त देता, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. तरीही एखादी बाई सुरगाण्यातच थांबून ३१२ वर मातीकाम पत्करत असेल, तर तिला पैसा नको झालाय असा त्याचा अर्थ नाही. पोरांची शाळा बुडत नाही, बागेत पालाखाली झोपावे लागत नाही, आणि मुकादमाची उचल फेडता फेडता हंगाम जात नाही. या तीन गोष्टींची किंमत तिने मनातल्या मनात लावलेली असते. तुम्ही राहायला खोली आणि पोरांना शाळा दिलीत, तर ती पुन्हा येईल. तुमच्याच तालुक्यात अशी सोय करणारे बागायतदार असतील. त्यांच्याकडे माणसे टिकतात की नाही, ते बघून या.

आणि खरे सांगायचे, तर मजुरीला खालून टेकू मिळावा हाच या कायद्याचा एक हेतू होता. बाई आणि बापय दोघांना एकच दर, काम गावापासून पाच किलोमीटरच्या आत, पंधरा दिवसांत काम दिले नाही तर बेकारी भत्ता. १९७७च्या कायद्यात भत्ता दिवसाला निदान एक रुपया होता. हसू नका. तो एक रुपया दिला म्हणजे आपण काम देऊ शकलो नाही असे सरकारने लेखी कबूल केल्यासारखे होते, म्हणून आमचे साहेब लोक एक वेळ नसलेले काम काढतील, पण भत्त्याच्या फायलीला हात लावायचे नाहीत.

१९८८ साली रोहयोची (रोजगार हमी योजनेची) मजुरी किमान वेतनाला जोडल्यामुळे जवळजवळ दुप्पट झाली. पुढच्या काही वर्षांत कामावरची हजेरी झपाट्याने उतरली. वरून कळवले गेले की लोकांना आता गरज उरली नाही. अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासले तेव्हा निघाले ते वेगळेच. दर वाढला, पैसा त्या मानाने वाढला नाही, म्हणून कामे उघडायचे प्रमाणच कमी झाले होते. मागणाऱ्याला ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणायचे. हे ‘पुढच्या महिन्यात या’ मी स्वतः खिडकीत बसून ऐकले आहे. कायदा तसाच शाबूत होता, एका ओळीनेही बदललेला नव्हता.

तुमच्या बाजूचेही एक सांगतो. शेतीच्या ऐन हंगामात कामे बंद ठेवावीत ही मागणी जुनी आहे. २००५च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याच्या (मनरेगा) जागी संसदेने २०२५च्या डिसेंबरात जो नवा कायदा केला, त्यात शंभराचे सव्वाशे दिवस केले, खर्चातला बहुतेक राज्यांचा वाटा ४० टक्क्यांवर नेला, आणि पेरणी-कापणीच्या दिवसांत वर्षाला साठ दिवसांपर्यंत कामे थांबवायची मुभाही ठेवली. तुम्हाला बरे वाटले असेल. पण साठ दिवस कुणाच्या हंगामाचे? सुरगाण्याच्या भाताचे की निफाडच्या द्राक्षाचे? तारखा ठरवताना तुमचा आवाज मोठा असणार, तिचा नाही. मला काळजी आहे ती तिथेच.

शिवाय रोजगार हमीने शेतकऱ्याला मारले म्हणता, तर शेजारी सटाणा-देवळ्याकडे नजर टाका. १९९०पासून फळबाग लागवड रोहयोशी जोडली. डाळिंबाचे खड्डे, रोपे, मजुरी त्यातून निघाली. सिंचन विहिरीही त्यातल्याच. फायदा घेताना ती योजना शेतकऱ्याची असते आणि मजुरी वाढली की मजुराची होते, हे काही नवीन नाही.

प्रश्न : मी एमपीएससीचा अभ्यास करतो. अभ्यासिकेत नेहमी वाद होतो, की चीनने लोकशाहीच्या भानगडीत न पडता गरिबी हटवली, आपण मतदान करत बसलो. गरिबाला आधी भाकरी हवी की मत?
- विद्यार्थी, अहिल्यानगर

उत्तर : हा प्रश्न मुलाखतीत विचारला तर ‘दोन्ही’ म्हणा आणि पुढे जा. इथे जरा थांबू.

अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ या अर्थतज्ज्ञांनी महाराष्ट्राचा ७० ते ७३चा दुष्काळ बारकाईने अभ्यासला. धान्य कमी पडले होते, भयंकर कमी. तरी १९४३च्या बंगालसारखी माणसे मेली नाहीत. बंगालमध्ये सेन यांच्या अंदाजाने तीस लाखांच्या आसपास माणसे गेली. तिथल्या सरकारने दुष्काळ संहितेप्रमाणे दुष्काळ जाहीरसुद्धा केला नाही. बातम्यांवर बंधने होती. शेवटी ‘स्टेट्समन’ने रस्त्यात पडलेल्या माणसांचे फोटो छापले, तेव्हा कुठे लंडनला जाग आली. चीनमध्ये १९५९ ते ६१च्या दरम्यान याहून कितीतरी पटीने माणसे गेली. कम्यूनकडून (सामूहिक शेतीच्या गटांकडून) वर जाणारे धान्याचे आकडे फुगवलेले, छापणारे वर्तमानपत्र नाही, विचारणारा विरोधी आमदार नाही. सरकारचा स्वतःचाच स्वतःच्या आकड्यांवर विश्वास बसला.

महाराष्ट्रात त्या काळात काय होते? काँग्रेसला प्रचंड बहुमत होते, म्हणजे सत्ता जायची भीती नव्हती. पण रोज पेपर होता, सभागृहात प्रश्न होते, कचेरीवर मोर्चा होता. तहसीलदाराला माहीत होते की उद्या आपल्या तालुक्याचे नाव छापून येईल.

हे यंत्र चालताना जवळून कसे दिसते, तेही सांगतो. विधिमंडळाची एक रोजगार हमी योजना समिती असते. सर्व पक्षांचे आमदार जिल्ह्यात येऊन कामांवर फिरतात. एका तालुक्यात मी असताना ही समिती येणार म्हणून आदल्या रात्री कचेरीत दिवे जळत होते. कायद्याने कामावर पिण्याचे पाणी, सावली, औषधाची पेटी आणि लहान मुलांसाठी पाळणाघर लागते. आमच्या नालाबांधावर यातले फक्त पाणी होते. सकाळी शाखा अभियंत्याने दोन बाभळींना साडी बांधली, एका म्हातारीला खाली बसवले आणि तीन पोरे आणून तिच्या पुढ्यात ठेवली. समितीतले एक वयस्कर आमदार, विरोधी बाकावरचे, म्हातारीजवळ उकिडवे बसले आणि विचारले, ‘‘आजी, हजेरी कवाधरनं लागली तुमची?’’ म्हातारी म्हणाली, ‘‘आजच की. सायबांनी बलीवलं.’’ एवढेच झाले. पण दुसऱ्या आठवड्यापासून त्या कामावर खरे पाळणाघर सुरू झाले आणि त्या म्हातारीचे नाव मस्टरवर (हजेरीपटावर) कायम लागले.

आता तुमच्या अभ्यासिकेतल्या मित्रांची बाजू. सेन हेही सांगतात, की रोजच्या, न ओरडणाऱ्या भुकेच्या बाबतीत आपण चीनपेक्षा मागे राहिलो. शाळा, प्राथमिक दवाखाने, आयुर्मान यांत चीनने सत्तरच्या दशकातच आपल्याला मागे टाकले होते. आपल्या राज्यातच बघा. बहात्तरच्या दुष्काळात पन्नास लाख मजूर सांभाळणाऱ्या महाराष्ट्रात नव्वदच्या दशकापासून मेळघाटातल्या बालमृत्यूंवर उच्च न्यायालयात याचिका चालू आहेत. दुष्काळी कामावर दोन हजार माणसे एका जागी जमतात. त्यांचा मोर्चा निघू शकतो. धारणी-चिखलदऱ्याच्या एखाद्या पाड्यावरचे कमी वजनाचे मूल एकटे असते. त्याचा मोर्चा निघत नाही आणि फोटोही येत नाही. पाच वर्षांनी एकदा येणाऱ्या मताला ते मूल दिसत नाही.

म्हणून नुसते मत पुरत नाही, हे मी कबूल करतो. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ला घटना समितीत हेच बजावले होते, की २६ जानेवारीपासून आपण राजकारणात समान होऊ आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषम राहू. ही विसंगती लवकर दूर केली नाही तर विषमतेने गांजलेले लोक ही लोकशाहीची इमारतच उडवून देतील. घटनेच्या ४१व्या अनुच्छेदात कामाचा हक्क आहे, पण ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ आणि कोर्टात मागता न येणारा. महाराष्ट्राने १९७७ला काय केले, तर त्यातला एक तुकडा उचलून मागता येणारा केला. अंगमेहनतीचे काम, ग्रामीण भाग, प्रौढ माणूस, बस. पण मागता येणारा.

आणि याचा परिणाम उलट्या दिशेनेही होतो. ज्या बाईची मजुरी एकाच वाड्यावरून येते, तिचे मतही बहुतेक त्याच वाड्याला विचारून पडते. कामावर निम्म्याच्या आसपास बायकाच असायच्या, बरोबरीच्या दराने. पुढे पंचायतीत महिला आरक्षण आले, तेव्हा उभे राहायला तयार झालेल्या काही जणी मला हजेरीपटावरून ओळखीच्या होत्या. सगळ्या नव्हे. काही जणी.

प्रश्न : माझे शिलाईकाम आहे. लाडकी बहीणचे पैसे सुरुवातीला नीट आले, आता दोन हप्ते आले नाहीत. अंगणवाडीत विचारले तर ऑनलाइन बघा म्हणतात, सेतूत गेले तर वरून बंद आहे म्हणतात. दाद कुठे मागायची? आणि काही जण म्हणतात ही भीकच आहे, ते वाचून वाईट वाटते.
- एक बहीण, औसा

उत्तर : ताई, भीक म्हणणाऱ्यांकडे आधी दुर्लक्ष करा. त्यातले बरेच जण महागाई भत्ता, खताचे अनुदान नाहीतर उद्योगाची सवलत घेत असतात. दीड हजार रुपयांत बायका काय करतात हे मी बँकेच्या रांगेत ऐकतो. गॅस, पोराची फी, स्वतःच्या गोळ्या. नवऱ्याला न विचारता खर्च करता येणारा पैसा, हीच मोठी गोष्ट आहे.

पण दाद कुठे मागायची, याचे उत्तर तुम्हाला आवडणार नाही. ही योजना उभी आहे ती २८ जून २०२४च्या शासन निर्णयावर. त्यामागे विधिमंडळाचा कायदा नाही. शासन निर्णय म्हणजे मंत्रालयातून सहीने निघालेला कागद. तसाच दुसरा कागद काढून तो बदलता येतो. त्या वर्षीच्या जुलैत अर्ज सुरू झाले, ऑगस्टमध्ये हप्ते पडले, नोव्हेंबरात निवडणूक झाली. अर्ज घेताना फार कुणी तपासत बसले नाही. प्रचारात एका बाजूने २,१०० सांगितले, दुसऱ्या बाजूने ३,०००. मते पडल्यावर छाननी सुरू झाली. घरी चारचाकी आहे का, दुसऱ्या योजनेचा पैसा येतो का, मग ई-केवायसी. अपात्रांना काढू नये असे मी म्हणत नाही. पण काढण्याआधी नोटीस, म्हणणे मांडायची संधी, अमुक दिवसांत निर्णय, निर्णयावर अपील, हे सगळे कायद्यात लिहिलेले असते तर तुम्ही अंगणवाडी ते सेतू अशा चकरा मारल्या नसत्या. तारीख टाकलेला एक अर्ज आणि त्याची पोच हातात असती, आणि घाम सुटला असता तो आमच्यासारख्या कारकुनाला.

तूर्त एवढे करा. तुमच्या तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या नावाने साध्या कागदावर लेखी तक्रार द्या. आधार क्रमांक, बँक खाते, शेवटचा हप्ता आल्याची तारीख लिहा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. आवक क्रमांक घातल्याशिवाय ती प्रत हातात घेऊ नका. ई-केवायसी राहिले आहे का आणि बँक खात्याला आधार जोडलेले आहे का, तेही बघा; थांबलेल्या हप्त्यांतले बरेच तिथेच अडकलेले असतात.

आणि तुमच्यासारख्या बायका एकत्र येत असतील, तर हप्ता वाढवा म्हणण्याआधी कायदा करा म्हणा. हे अशक्य नाही. रोजगार हमीसुद्धा १९७२ला सरकारी आदेशावरच चालू झाली होती. मजुरांनी आणि त्यांच्या संघटनांनी पाच वर्षे सोडले नाही, म्हणून ती कायद्यात बसली. रक्कम किती, ती महागाईबरोबर वाढणार कशी, पैसा कोणत्या करातून येणार, हे सगळे सभागृहात उघड बोलावे लागेल. तेव्हा वरचे हिंजवडीचे अभियंताही त्या चर्चेत असू देत. त्यांच्या पगारातून जाणार असेल तर त्यांनाही विचारायचा हक्क आहे.

प्रश्न : आमच्या गावात रोजगार हमीच्या कामांचे सामाजिक अंकेक्षण (ग्रामसभेने करायची तपासणी) ‘झाले’ असे कागदावर आहे. ग्रामसभेच्या वहीत सह्या आहेत. आम्हाला कुणी बोलावलेच नाही. काय करावे?
- ग्रामपंचायत सदस्य, जत तालुका

उत्तर : सह्यांवरून भांडू नका. अर्धे गाव ‘माझीच सही’ म्हणेल, कारण सांगणारा शेजारी असतो.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने नव्वदच्या दशकात एक सोपी युक्ती काढली. कामाची कागदपत्रे मिळवायची आणि गावासमोर मोठ्याने वाचायची. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही त्यांची घोषणा. जे बांधकाम कधी झालेच नाही त्याची बिले वाचून दाखवली की बाकी भाषणाची गरजच राहायची नाही. त्यातूनच माहिती अधिकाराची मागणी देशभर गेली. आपल्याकडे अण्णा हजारे यांच्या आंदोलनांच्या रेट्याने राज्याचा कायदा आधी झाला, मग २००५ला केंद्राचा. त्याच वर्षीच्या रोजगार हमी कायद्याने ग्रामसभेला अंकेक्षणाचा अधिकार दिला, तो असा मागून मागून आलेला आहे.

तर माहिती अधिकारात अर्ज करा. एकाच कामाचे मागा, सगळ्या गावाचे नको, नाहीतर ‘माहिती विपुल आहे’ म्हणून टोलवतील. त्या कामाचे हजेरीपट, मोजमाप पुस्तिकेची नक्कल, मजुरी जमा झाल्याची यादी आणि कामाआधीचे-नंतरचे फोटो. तीस दिवसांत मिळायला हवे. नाही मिळाले तर पहिले अपील करा, त्याला आपल्या राज्यात वीस रुपये फी असते. हजेरीपट संकेतस्थळावरही दिसतात, पण छापील नक्कल शिक्क्यासह असू द्या.

मग पारावर बसून नावे वाचा. मोठ्याने, एकेक. आधी मयत माणसे शोधा, नंतर पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली. आमच्या वेळी मला बहुतेक पहिल्या दोन पानांतच सापडायची.